मागचं राहू द्या

ग्रुपवर फोटो आला की मिस्त्री तो करंगळीनं मोठा करायचे. बाकीच्या बोटांना फोन दाद देत नसे. चाळीस वर्षं सिमेंट कालवून बोटांच्या टोकांवरच्या रेघाच पुसून गेलेल्या, करंगळी तेवढी शाबूत. तर करंगळीनं दोनदा टिचकी मारायची, फोटो फुगला की मधलं फूल, पाखरू, जे काही असेल ते सोडून द्यायचं आणि सरळ कोपऱ्यात शिरायचं. मग थोड्या वेळानं ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा. लिहिणं जमत नसल्यामुळे ते बोलूनच पाठवत.

"फोटू झ्याक हाय. पन मागं काय हाय ओ त्ये?"

तुमच्याही एखाद्या ग्रुपवर असा एक जण असेल, बघा. सगळे वाहवा करत असतात आणि हा भलतंच विचारतो. आपण त्याला हसतो, नाहीतर त्याच्यावर चिडतो. मी दोन्ही केलं. शिवाय आणखीही एक गोष्ट केली, आणि ती सांगितल्याशिवाय मला या माणसाबद्दल काही लिहिता येणार नाही.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर निवडुंग लावायला लागले आणि सोलापुरातल्या छंदवाल्यांचा एक ग्रुप काढला. एसटीतले एक निवृत्त कंडक्टर जुनी कुलपं जमवत. शुक्रवार पेठेतले एक चाचा गच्चीवर कबुतरं पाळत. एक नर्सबाई चहाच्या बशीत मावेल एवढी रांगोळी काढत. प्रत्येकानं आपापल्या छंदाचे फोटो टाकायचे आणि बाकीच्यांनी छान म्हणायचं, एवढाच कार्यक्रम. शिकवणं सुटलं तरी शिस्त लावणं सुटलं नव्हतं, म्हणून मी नियमही केले होते. सुप्रभात नको, राजकारण नको, देवाचे फोटो नकोत. आणि चौथा नियम माझा फार लाडका: फोटोत फक्त विषय हवा, मागचा पसारा कापून टाका. तीस वर्षं मुलींच्या डोक्यात मी हेच बसवत आले होते.

मिस्त्रींना ग्रुपवर आणलं कंडक्टरांनी. मिस्त्री म्हणजे गवंडी. कंडक्टरांच्या न्हाणीघराच्या फरश्या त्यांनी बसवल्या होत्या. यांनाही छंद आहे म्हणाले. मी घेतलं. पहिलाच फोटो आला तो एका पडक्या भिंतीचा, तिच्यातून दोन पानं बाहेर आलेली, आणि खालच्या बाजूला मिस्त्रींचा अंगठा. मला वाटलं चुकून आला.

चुकून नव्हता. भिंतीतून उगवणारे पिंपळ हाच त्यांचा छंद होता. आता आपल्याकडं पिंपळाचं कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीत उगवला तरी उपटायला कुणी धजत नाही. मालकाला पापाची भीती, भाडेकरू म्हणतो भिंत माझी नाही. मग तो मिस्त्रीची वाट बघत वाढत राहतो. आमचे मिस्त्री आधी त्याला हात जोडायचे, मग छिन्नीनं हळूहळू मूळ मोकळं करून दुधाच्या रिकाम्या पिशवीत मातीसकट ठेवायचे. करमाळा तालुक्यात, केमच्या स्टेशनापासून थोडं आत त्यांचं गाव. गावाकडं जाताना रेल्वेनं पाच-सहा पिशव्या घेऊन जायचे आणि वाटेच्या कडेला लावायचे. उपटायच्या आधी एक फोटो, लावल्यावर एक. "हितं ऱ्हायला तर घर पाडंल," ते म्हणायचे, "तितं गेला तर सावली दील की."

हा छंद वेगळा आहे हे मी तेव्हाही कबूल करत होते. कटकट होती ती त्यांच्या कोपऱ्यात शिरण्याची.

कंडक्टरांनी एक पितळी कुलूप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून फोटो काढला. त्यांच्या आजोबांच्या वेळचं, चावीला तीन दात असलेलं. सगळे तुटून पडले. मिस्त्री म्हणाले, कुलूप झ्याक, पण मागं गॅसची नळी चिरलेली दिसते. कंडक्टरांनी ती फोटोतली सावली आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या बायकोनं मात्र उठून बघितलं, तर नळी खरंच वाकते तिथं चिरलेली. कंडक्टरांनी कौतुकानं नव्या नळीचा फोटो ग्रुपवर टाकला. तो विषयाबाहेर आहे म्हणून मी काढून टाकला. अशी मी.

चाचांच्या कबुतरामागच्या शिडीची तिसरी पायरी चिंधीनं बांधलेली मिस्त्रींना दिसली. चाचा वैतागले. कबूतर देखो मिस्त्री, पीछे क्या देखते जी, म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पायरी बदलली आणि मिस्त्रींना चहाला बोलावलं. पुढं दोघांची अशी गट्टी जमली की दर शुक्रवारी नमाजानंतर मिस्त्री चाचांच्या गच्चीवर असायचे.

कधीकधी पंचाईतही व्हायची. एका सभासदानं गावाला गेलोय, कंडक्टरांकडच्या बैठकीला येता येणार नाही असं कळवलं आणि त्याच दिवशी फुलपाखराचा ताजा फोटो टाकला. मिस्त्रींनी अगदी सरळ मनानं विचारलं, मागं आपलंच तळं दिसतंय, गावाला हाय म्हनला न्हवं? तो सभासद महिनाभर मूग गिळून बसला होता.

हे सगळं मी मजेनं बघत होते, माझ्या निवडुंगाची पाळी येईपर्यंत.

माझ्याकडं एक निवडुंग होता, चार वर्षं नुसताच काटे दाखवत बसलेला. पाचव्या वर्षी त्याला कळी आली. ज्या सकाळी फूल उमललं त्या सकाळी मी आंघोळसुद्धा केली नाही. गॅलरीत स्टुलावर बसून फोटो काढला आणि आनंदाच्या भरात, न कापताच टाकला. अभिनंदनाचा नुसता पाऊस. आणि मग मिस्त्रींचा आवाज: फूल झ्याक हाय, पण बाई, मागं वरच्या अंगाला, वरच्या गॅलरीच्या बुडाला पिंपळ हाय, कवाचा हाय?

गाढवाला गुळाची चव काय, म्हटलं मनात. चार वर्षं जपलेलं फूल सोडून याला फुकट उगवलेलं रोपटं दिसतंय. मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

आठ दिवसांनी दुसरं फूल आलं. मिस्त्री म्हणाले, चार पानं होती, सहा झाली, खालचा गिलावा फुगलाय का तेवढा हात लावून बघा. मी हात लावला नाही. तिसऱ्या वेळी माझाच चौथा नियम मला आठवला आणि फुलाच्या अगदी पाकळीपाशी फोटो कापून टाकला. तर लगेच आवाज: "बाई, कापू नका. मागचं राहू द्या."

चारचौघांत. पुढच्या प्रत्येक फोटोखाली तेच. बाई, मागचं राहू द्या. लोकांना गंमत वाटायला लागली. हसण्याची चिन्हं येऊ लागली. बाई, एकदा दाखवून टाका मिस्त्रींना मागचं, असं कंडक्टरांनी लिहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात वर्गात कुणी मला हसलं नव्हतं. मी मिस्त्रींना ग्रुपमधून काढून टाकलं. आधी एक शब्द बोलले नाही. वर ग्रुपवर लांबलचक मजकूरही लिहिला, विषयाला सोडून प्रतिक्रिया देणाऱ्यांबद्दल.

आमचे हे म्हणाले, अगं, ते काय म्हणतात ते एकदा बघून तर घे.

मी म्हटलं, "गवंडी माणूस आहे. काम मिळवायचं असेल."

हे वाक्य मी बोलले. आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात मिस्त्री. पांढरी टोपी, गुडघ्याशी चुरगळलेला पायजमा, हातात कापडी पिशवी. त्याआधी मी त्यांना एकदाच, कंडक्टरांकडं पाहिलं होतं. घर कसं सापडलं म्हणून विचारलं, तर त्यांनी फोन पुढं केला. माझा पहिला, न कापलेला फोटो. फुलाच्या मागं गॅलरीची सिमेंटची जाळी, जाळीच्या पलीकडं एक निळी टाकी आणि शाळेचं पत्र्याचं छप्पर, त्यात एकच पत्रा नवा. एवढ्यावर, आणि मी चाचांच्याच पेठेत राहते एवढ्या ऐकीव माहितीवर, ते दोन सकाळी शुक्रवार पेठेच्या गल्ल्या फिरले होते. आधी टाकी सापडली, मग पत्रा, मग जाळी.

फोन का नाही केला, म्हटलं.

"तुमी काडलं न्हवं मला," ते म्हणाले. "उचलला नसता."

खरं होतं. नसता उचलला.

गॅलरीत गेल्यावर त्यांनी एकाही निवडुंगाकडं बघितलं नाही. स्टुलावर चढले आणि हातोडीच्या दांड्यानं वरचा स्लॅब वाजवायला लागले. भिंतीजवळ टणटण वाजलं. पुढं आल्यावर आवाज बद्द झाला. पिंपळापाशी तर नुसता मातीच्या ढेकळासारखा. त्यांनी थापीच्या टोकानं जरासं खरवडलं, तर ताटाएवढा गिलावा खाली आला आणि आतली सळई दिसली, गंजून पापडासारखे पापुद्रे सुटलेली. आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. मी कुंड्यांकडं बघत राहिले.

वर काय ठेवलंय, मिस्त्रींनी विचारलं. पाण्याची दोन पिंपं, मी सांगितलं. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं, त्यामुळं पाण्याच्या दिवशी घरात जे भांडं मोकळं असेल ते भरलं जातं. पाणी कधी येणार, त्यांनी विचारलं. उद्या सकाळी, मी म्हटलं. मिस्त्री स्टुलावरून उतरले.

"उद्या ती पिंपं भरायची न्हाईत, बाई."

वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांच्या माहेरी-सासरी दोन्हीकडं कापड विणायचे माग, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्या ओल्या हातांनीच खाली आल्या. पिंपं हलवायला तयार होईनात. स्वयंपाकघरात जागा नाही, चार दिवस काय प्यायचं, म्हणाल्या. आणि पिंपळाचं म्हणाल तर त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यांनीच सांगितलं, "मी दर शनिवारी तांब्याभर पाणी घालते त्याला. वर्ष झालं."

आमच्या ह्यांना हसू फुटलं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि देवळात बोलावं तसं हळू बोलले. "घाला की वैनी. पुन्याचं काम हाय. पन त्याला जिमिनीत लावू, मग घाला. हितं तुमी घातलेलं पानी सळईला लागतंय. झाड काय वाईट न्हाय. भेग हाय म्हनून त्ये आलंय, नुसतं सांगाया आलंय."

वहिनी त्या उघड्या सळईकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग वर गेल्या आणि स्वतःच पिंप ओढायला लागल्या. आमचे हे आणि मिस्त्री धावले.

दुपारपर्यंत मिस्त्रींनी कुठून तरी लाकडी टेकू आणून स्लॅबखाली लावले. माझ्या चाळीसेक कुंड्या त्यांनी एकट्यानं, एकेक करून दिवाणखान्यात आणल्या. तळहातात काटे रुतलेले दिसत होते. मी चिमटा आणला तर म्हणाले, राहू द्या, कळत न्हाय आता त्या कातड्याला. मग पिंपळाला हात जोडले, त्याला मुळासकट काढला आणि आमच्याच दुधाच्या पिशवीत ठेवला. मी चहा केला. त्यांनी बादली पालथी घालून तिच्यावर बसून बशीतून तो प्यायला. त्याच वेळी खिडकीत ठेवलेल्या निवडुंगाचं आणखी एक फूल उघडत होतं, आणि माझा हात सवयीनं फोनकडं गेला.

चहा पिताना मी त्यांना माझं ते वाक्य सांगून टाकलं. काम मिळवायचं असेल, असं मी तुमच्याबद्दल म्हटलं होतं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "वाटनारच की, बाई. मिस्त्रीनं भेग दावली की मान्साला खर्चच दिसतोय. मला बी डाक्टरचं तसंच वाटतंय." आणि काम तर त्यांनी घेतलंच नाही. गुडघे गेले होते. ओळखीच्या दोघांना पाठवतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पिंपं स्वयंपाकघरात भरली गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोन माणसं स्लॅब फोडायला आली. त्यांनी बाजूला उभं राहून पुढचे टेकू काढले आणि पहिला घाव घातला, तसा स्लॅबचा बाहेरचा अर्धा भाग एकदम, एकसंध खाली आला. माझं स्टूल तिथंच राहिलं होतं. त्याच्या काटक्या झाल्या. खालची फरशी फुटली. रोज सकाळी सात वाजता मी त्या स्टुलावर फोन घेऊन बसायची.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना परत ग्रुपवर घेतलं आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. खाली खिडकीतल्या त्या नव्या फुलाचा फोटो टाकला. आणि काय सांगू, हाताला वळण असं की तोही कापूनच टाकला. लगेच मिस्त्रींचा आवाज आला. "बाई, चार नंबरचा नेम हाय का ग्येला?"

मी चौथा नियम काढून टाकला. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कुलपामागं कुकर दिसतो, रांगोळीमागं नवऱ्याचे पाय. तुम्ही म्हणाल, काय हा पसारा. पण त्या पसाऱ्यामुळंच आम्हाला कळलं की नर्सबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, आणि आम्ही आळीपाळीनं त्यांच्याकडं बसायला जाऊ लागलो. रांगोळीमागची ती पलंगाची कड आधी कुणी बघितली असेल ते सांगायला नको.

वहिनींचा पिंपळ मिस्त्रींनी गावाकडं, स्वतःच्या बांधावर लावला. दर दोन महिन्यांनी त्याचा फोटो यायचा. वहिनी तो बघून शनिवारी फोनलाच नमस्कार करायच्या.

यंदा उन्हाळ्याच्या आधी मिस्त्री गावी गेले ते परतले नाहीत. सकाळी रोपांना पाणी घालून आले, ओसरीवर टेकले आणि गेले. कंडक्टरांनी ग्रुपवर कळवलं. त्या दिवशी कुणी फोटो टाकला नाही.

चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं अगदी संकोचत विचारलं, "बाई, आबांचा एकादा फोटू हाय का तुमच्याकडं? चौकटीत लावाया. आधारकार्डावरचा हाय, पन त्यो आबासारका दिसत न्हाय."

दोन वर्षं या माणसानं आम्हाला फोटो पाठवले होते, शेकड्यांनी, आणि एकात तो स्वतः नव्हता. अंगठा होता. फार तर सावली. ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी आपापले फोन उलथेपालथे केले. कंडक्टरांना कुलपामागं एक बाही सापडली. चाचांकडं कबुतरांपलीकडं नुसती पाठ. चाचा फोनवर रडायला लागले. इतक्या शुक्रवारी शेजारी बसला, मैंने एक भी नहीं निकाला, म्हणत राहिले.

आणि मला तो दिवस आठवला. खिडकीतलं फूल. ग्रुपवर टाकलेला फोटो कापलेला होता, पण फोनमध्ये मूळ फोटो असायला हवा होता. मी पुसून तर टाकला नव्हता ना? पसारा ठेवायचा नाही ही माझी फोनमध्येही सवय. मागं मागं जात राहिले, फुलं, फुलं, नुसती फुलं. मग तो सापडला.

पुढं निवडुंग. आणि मागं, जरासे पुसट, पालथ्या बादलीवर बसलेले मिस्त्री. बशी हातात, पायाशी दुधाची पिशवी. बघत होते ते माझ्याकडंही नाही आणि फुलाकडंही नाही. मान तिरकी करून वर, गॅलरीच्या कोपऱ्याकडं.

तीस वर्षं मी मुलींना विषय ठेवा आणि मागचं कापा असं शिकवलं. त्या दुपारी मी टेबलाशी बसून चार वर्षं जपलेलं फूल कापलं आणि मागचं ठेवलं. निवडुंगाचा एक फाटा तेवढा त्यांच्या खांद्यावर आला होता. तो काढायला गेलं की खांदा जात होता. म्हणून तो तसाच ठेवला.

तेराव्याला कंडक्टर, चाचा, वहिनी आणि मी रेल्वेनं केमला गेलो. ओसरीवर खुर्चीत ती चौकट ठेवली होती, हार घातलेली. मुलगी मला म्हणाली, आबा अस्संच बघायचे. वहिनी बांधावर जाऊन पिंपळाला तांब्याभर पाणी घालून आल्या. तो कमरेच्या वर गेला होता.

गावातली एक म्हातारी चौकटीपुढं वाकली. हात जोडले आणि तशीच वाकून निरखत राहिली.

"खांद्यावर काय हाय ओ त्ये?" तिनं मला विचारलं.

निवडुंग आहे, मी सांगितलं. माझा. कापला असता तर मिस्त्रींचा खांदा गेला असता.

"मग राहू द्या की," ती म्हणाली, आणि हार जरा बाजूला सारून तिनं तो फाटा दिसेल असा केला.